दोन चमचे मॅग्नेशियम

"मॅग्नेशियम कमी हाय म्हणं! अगं, आपल्या शेडात मॅग्नेशियमचं अख्खं पोतं पडलंय, आन् ह्यो डॉक्टर मला भाकरी खायला सांगतोय!"

न्हावऱ्याचे जयसिंगराव शिरूरहून आले ते हसतच. गेले दोन महिने झोपेत त्यांच्या पोटऱ्यांना असे गोळे यायचे, की ते ताडकन उठून भिंतीला पाय लावून उभे राहायचे. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, "मॅग्नेशियम कमी दिसतंय. बाजरीची भाकरी, तीळ, शेंगदाणे, पालेभाज्या रोज पोटात जाऊ द्या. गोळ्यांचं पंधरा दिवसांनी बघू."

एवढ्यासाठी शिरूरला जायचं? ऊस चांगला पिकायला लागल्यापासून जयसिंगरावांनी बाजरी सोडून चपाती धरली होती. आता पुन्हा भाकरीवर यायचं म्हणजे पायउतार झाल्यासारखंच की! शिवाय मॅग्नेशियम त्यांना नवं नव्हतं. उसाची पानं पिवळी पडली की हेच टाकायचं. आठवड्यात पीक हिरवंगार!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तांब्याभर पाण्यात त्या पोत्यातलं दोन मोठे चमचे खत ढवळलं.

"अवं, ते पिकाचं हाय!" त्यांची कारभारीण बानूबाई ओरडल्या.

"पिकाला एकरी दहा किलो लागतं. मी काय दोन चमच्यानं मरतो व्हय?" म्हणत त्यांनी तांब्या रिकामा केला. कडूजहर! पण औषध कडूच असतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि जीपमध्ये बसले.

कारण त्या दिवशी दौंडला बैठक होती. त्यांची तेजश्री शिरूरच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. मुलगा सत्यजीत, रांजणगावच्या कंपनीत कायम. दोघांची पसंती झालेली. उरलं होतं ते ठरवाठरवीचं. निघताना तेजश्री एवढंच म्हणाली होती, "आबा, माझं शिक्षण तेवढं सोडवू नका."

जयसिंगरावांनी मान हलवली खरी. पण चांगलं स्थळ शिक्षणापायी घालवायचं नाही, हे त्यांनी मनात पक्कं केलं होतं. पोरगी दोन दिवस रडेल, मग संसाराला लागेल.

भीमेच्या पुलावर पोटात पहिली गुरगुर झाली. शेजारी बसलेला मेव्हणा धोंडिबा म्हणाला, "दाजी, जीपच्या इंजनाचं काय तरी बिघडलंय."

मुलाचे वडील पोपटराव म्हणजे तालेवार माणूस. पोहे झाले, चहा झाला. पोपटराव खाकरले. "लग्न आमच्या दारात, दौंडला करायचं."

जयसिंगराव एकदम उठले. चेहरा दगडासारखा, दात आवळलेले, कपाळावर घाम. कुणाकडे न बघता ते परसातल्या संडासाकडे चालू लागले. पण बैठकीतून दिसलं एवढंच की पाहुणा उठून गेला!

"रागावलं का काय?" पोपटरावांनी हळूच विचारलं.

धोंडिबालाही काही कळेना. पण तो बेरकी होता. म्हणाला, "आमचं दाजी बोलत न्हाईत. पटलं न्हाई की उठत्यात."

जयसिंगराव परतले तेव्हा पोपटराव म्हणाले, "बरं, लग्न न्हावऱ्यात करू."

जयसिंगराव थक्क! ते जेमतेम टेकले, तोच पोपटराव म्हणाले, "आता मानपान. आमची तीनशे माणसं, सगळ्यांना टॉवेल-टोपी..."

जयसिंगराव पुन्हा उठले. या वेळी जरा वेगात! परत येईस्तोवर तीनशेची पंचवीस माणसं झाली होती.

"आता शेवटचं," पोपटराव चाचरत म्हणाले. "पोरीनं शिक्षण आता बंद करावं. घरात माणूस पायजे."

जयसिंगरावांना म्हणायचं होतं, तुमची मर्जी. त्यांनी तोंड उघडलं. "तुम..." आणि पोटात असा काही भूकंप झाला, की खुर्ची उलथी पडली, चपला राहिल्या जागेवर आणि जयसिंगराव अनवाणी सुसाट सुटले!

"मोडलं लग्न!" कुणीतरी ओरडलं. कोपऱ्यात गप्प बसलेल्या सत्यजीतला तेव्हा कंठ फुटला. "मला शिकलेलीच बायको पायजे, आप्पा! कवाधरनं सांगतोय!"

पोपटराव परसात धावले. संडासाचं दार आतून बंद! "जयसिंगराव, असं कोंडून घेऊ नका! शिकू द्या पोरीला! बीएस्सी काय, यमेस्सी करू द्या! बोला, मान्य?"

आतून एक दीर्घ, व्याकूळ हुंकार आला.

"मान्य हाय म्हणत्यात!" पोपटरावांनी ओरडून सांगितलं, आणि ओसरीवर साखर वाटली गेली.

परतताना जयसिंगराव पिळलेल्या फडक्यासारखे झाले होते. संतापानं बीपी वाढलं असेल म्हणून धोंडिबानं वाटेत एका दवाखान्यापाशी जीप थांबवली आणि स्वतः बाहेरच बिडी ओढत बसला. डॉक्टरांनी आत सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, हे असं भसाभसा प्यायलं की जुलाबच होणार! त्यात पोत्यातलं खत! नशीब, पोटावर निभावलं. मीठ-साखरेचं पाणी घ्या आणि गुमान भाकरी खा."

घरी पोचेपर्यंत धोंडिबानं फोनवरून निम्म्या गावाला बातमी दिली होती. दारात तेजश्री उभी होती. ती वाकून पाया पडली. "आबा, मामानं सांगितलं. माझ्या शिक्षणासाठी तुम्ही भर बैठकीतनं उठून गेला! मला वाटलं होतं, तुम्ही हो म्हणून याल."

ऊस पिकवून कमावलेला सगळा रुबाब त्या घटकेला जयसिंगरावांना खोटा वाटला. खरं काय ते सांगून टाकावं असं ठरवून त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, खरं सांगू का? मी तर..."

पोटात गुर्रर्र झालं.

"बाजूला हो!" म्हणत त्यांनी टमरेल उचललं आणि ते घरामागे पळाले.

बानूबाईंनी पदरानं डोळे टिपले. "असंच हाय त्यांचं," त्या लेकीला म्हणाल्या. "डोळ्यात पाणी आलं की माणसात थांबत न्हाईत."