अप्पांचा अंगठा

अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला, टीव्हीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "हे असलं घाणेरडं कुणाच्या डोक्यातनं येतंय गं?"

त्यांच्या सुनेने, सुखदाने, चहाचा कप खाली ठेवला. ते तिच्याच डोक्यातून आलं होतं. खरं सांगायचं तर डोक्यातूनही नव्हे, थेट अप्पांच्या उजव्या पायातून.

बातमी मुलांच्या एका कार्टूनची होती. एक राक्षस पायाचं नख कापतो, ते उडून शाळेच्या सांबारात पडतं, आणि त्याआधी तीन सेकंद पडदाभर नुसता त्याचा अंगठा दिसतो. तो पाहून गावभर पोरं जेवेनाशी झाली होती. बातमीवाल्यांनी अंगठा धूसर करून दाखवला, म्हणून घरातली शांतता टिकून होती.

सुखदा बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या एका लहानशा स्टुडिओत चित्रं काढायची. "घाण वाटली पाहिजे, पण खरी वाटली पाहिजे," असं साहेबांनी बजावलं, तेव्हा तिला फार शोधावं लागलं नाही. वीस वर्षांपूर्वी निपाणीला अप्पांच्या अंगठ्यावर पाटा पडला होता. तेव्हापासून त्या नखाने स्वतःचा संसार थाटला होता. बेंगळुरूच्या डॉक्टरांवर अप्पांचा विश्वास नव्हता, म्हणून दर रविवारी स्टुलावर पाय ठेवून ते सुखदाला फोटो काढायला लावत आणि तो निपाणीला पुतण्याकडे, डॉक्टर रविकिरणकडे, पाठवत. असे अकरा फोटो तिच्या मोबाइलमध्ये होते. फोटोत जे नीट दिसत नव्हतं ते तिने संध्याकाळी, अप्पा कोमट पाण्यात पाय सोडून बसत तेव्हा, डोळ्यांनी टिपून घेतलं.

सात वर्षांत अप्पांनी तिचं एकही चित्र पाहिलं नव्हतं. हायस्कुलात गणित शिकवलेल्या माणसाला सून राक्षस रंगवते हे सांगणं जड जाई. कुणी विचारलं की ते म्हणत, "कंप्युटरमध्ये आहे." सुखदाला ते दर वेळी लागायचं. आता त्यांनी पहिल्यांदा तिचं काम पाहायचं, तर ते नेमकं हे!

"सांगून टाक," अजिंक्य रात्रीची भांडी पुसत म्हणाला.

"काय सांगू? अप्पा, तुमचा पाय राक्षसाला लावलाय?"

अजिंक्यला हसू आवरेना. नवऱ्याचा उपयोग तिथेच संपला.

अप्पा बनशंकरीतल्या आपल्या राहत्या इमारतीचे सेक्रेटरी. दोन दिवसांत त्यांनी निषेधाचं पत्र लिहिलं, बेचाळीस सह्या घेतल्या आणि सुखदाला हुकूम सोडला, "पत्राला त्या अंगठ्याचा फोटो जोड की. तू कंप्युटरमध्ये आहेस."

तिने मुद्दाम धूसर चित्र छापून आणलं. अप्पांनी ते खिडकीपाशी धरलं. "हे बटाटं वाटालंय. घाण स्पष्ट दिसली पाहिजे." तिने दुसरं आणलं, त्यात नखाची फाट बुजवली होती आणि शेजारचा तीळ पुसला होता. अप्पा म्हणाले, "हे तर चांगलं आहे की! ह्याला कोण नावं ठेवील?"

एवढ्यात समोरच्या फ्लॅटमधली पवित्रा आली. तिच्या तनयने चार दिवस सांबाराला तोंड लावलं नव्हतं. "अक्का, कशाला त्रास? माझ्याकडे पूर्ण एपिसोड आहे. रविवारी इमारतीच्या मीटिंगमध्ये पडद्यावरच दाखवू."

रविवारी सकाळी खालच्या हॉलमध्ये पडदा लागला. अध्यक्ष नागराज मूळचे बेळगावचे, मराठी आणि कानडी एका वाक्यात वापरणारे. अंगठा आला तसं त्यांनी चित्र थांबवलं. पिवळं जाड नख, मधोमध फाट, बाजूला तीळ, मुळाशी हिरवट झाक. बायकांनी पदर, ओढणी, हाताला येईल ते तोंडाला लावलं.

"छी! हे माणसाचं असूच शकत नाही," पवित्रा म्हणाली.

"स्वल्प मागं या, सर," नागराज म्हणाले. "तुम्ही फारच जवळ गेलात."

अप्पा पडद्यापाशी उभे होते. त्यांनी वर पाहिलं, खाली चपलेकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. सुखदाला वाटलं, आत्ताच्या आत्ता माहेरची, पुण्याची गाडी धरावी.

तेवढ्यात अप्पांचा फोन वाजला. कान जरा जड, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असे.

"काका!" रविकिरणचा आवाज हॉलभर घुमला. "पोरं कार्टून बघालती, तर तुमचा अंगठा आला की टीव्हीवर! ती फाट, तो तीळ, मी लगेच ओळखला. वहिनीनं काढलंय न्हवं?"

बेचाळीस सह्या करणारे सगळेजण अप्पांच्या पायाकडे बघू लागले. अप्पांनी उजवा पाय डाव्या पायामागे नेला.

"पण काका, मुळाशी हिरवट दाखवलंय, ते खरंच आहे काय? फोटोत कधीच दिसलं न्हाई. मी आपला भलत्याच रोगाचं औषध देत बसलोय."

अप्पांनी हळूच पाय पुढे घेतला, चप्पल काढली आणि खाली वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आहे," ते म्हणाले.

"मग औषध बदलतो. वहिनीला सांगा, झकास काढलंय."

फोन बंद झाला. नागराजांनी घसा खाकरला. "सर, मग पत्राचं काय? 'विकृत मनाची उपज' असं तुम्हीच लिहिलंय."

अप्पांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली. "त्यात स्वल्प दुरुस्ती करावी लागेल," ते म्हणाले आणि चप्पल हातात घेऊन जिना चढू लागले.

नवं औषध आलं, ते अप्पा आठवडाभर लावत राहिले. सुखदा पुढून आली की वर्तमानपत्र उंच धरत. तिला दोन वेळचा घास गोड लागेना.

पुढच्या रविवारी स्टूल ठरल्या जागी आलं, त्यावर पाय आला. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. सुखदाने नेहमीसारखा मोबाइल उचलला.

"तो ठेव," अप्पा म्हणाले. "त्यात काय दिसतंय? चित्रांची वही आण. आणि घाई करू नकोस, मी बसतो."