व्यंकटरावांचे कान

"मालिका मराठी, बघणारे मराठी, आणि खाली अक्षरंही मराठीच!" व्यंकटराव सोफ्यावरून ताडकन उठले. "या घरात बहिरं कोण आहे, ते एकदा मला सांगा."

"कुणीच नाही, बाबा," सावनी म्हणाली. "पण हे लोक कुजबुजतात हो. सबटायटल असलं की बरं पडतं."

"मलाही," भानुमतीबाई मेथी निवडत म्हणाल्या. बायकोची ही फितुरी व्यंकटरावांना फार झोंबली.

झोंबणारच. वैजापूरकडच्या एका सूतगिरणीत ते बत्तीस वर्षं लघुलेखक होते. पलीकडे यंत्रं खडखडत असताना त्यांनी संचालकांच्या सभा शब्दन् शब्द टिपल्या होत्या. अशा माणसापुढं टीव्हीनं पाटी धरायची म्हणजे हद्द झाली! देवानं कान काय चष्म्याच्या काड्या अडकवायला दिलेत?

त्यांनी सबटायटल बंद करायला लावलं. नायक काहीतरी पुटपुटला. व्यंकटरावांनी आवाज वाढवला. नायक आणखी पुटपुटला. आवाज चाळीसवर गेला आणि नेमका तेव्हाच पडद्यावर गोळीबार सुरू झाला. शोकेसमधले कप थरथरले. शेजारचे अप्पाराव बनियनवरच धावत आले.

"सिलिंडर फुटला का काय?"

अप्पाराव त्याच गिरणीचे माजी चेअरमन. व्यंकटरावांना असा साक्षीदार शोधूनही मिळाला नसता. त्यांनी वही-पेन्सिल काढली. "एक प्रसंग अक्षरं न बघता टिपतो. एक वाक्य चुकलं तर सोमवारी कानाच्या डॉक्टरकडं येतो. नाही चुकलं, तर ही अक्षरं या घरात पुन्हा दिसता कामा नयेत!"

"कबूल," भानुमतीबाई म्हणाल्या. दिवाळीपासून त्या डॉक्टरचंच नाव घेत होत्या.

प्रसंग सुरू झाला. नायकानं पाठ फिरवली, बाहेर वीज कडाडली, वर सनई-चौघडा. व्यंकटरावांची पेन्सिल मात्र सरसर चालत होती. प्रसंग संपल्यावर त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "मी या घराचा वारस असून, सर्व बाबींचा साधकबाधक विचार करून माझा हक्क सोडत आहे. यास आपण सर्वांनी अनुमोदन द्यावे."

सावनीनं प्रसंग मागं घेतला आणि सबटायटल लावलं. खाली अक्षरं आली, 'दार लावून घे. पाऊस आत येतोय.'

"मग त्या नटानं तोंड उघडून बोलायला काय होतं?" व्यंकटराव कडाडले. "पैसे घेतो ना मेला?"

अप्पाराव गालातल्या गालात हसत होते. "व्यंकटराव, रागवू नका, पण हे तुमचं जुनंच हाय."

"म्हणजे?"

"आवो, मिटिंगीत मी नुसतं 'बघू, करू' म्हणायचो. दुसऱ्या दिवशी तुमचा कागद यायचा, 'साधकबाधक विचार करून'! मंग मला कळायचं, आपण लई भारी बोललो."

"आणि बाकीचे संचालक?"

"त्यांचे बी कान शाबूत व्हते. पण तुमचा कागद वाचल्याबिगर कुणाला कायबी कळत नव्हतं. व्हय, खरं सांगतो."

"अगं बाई! म्हणजे बत्तीस वर्षं हेच सबटायटल होते," भानुमतीबाई म्हणाल्या. आपली अब्रू गेली की वाढली, हेच व्यंकटरावांना ठरवता येईना. त्यांनी वही मिटली.

शब्द दिला होता, म्हणून सोमवारी ते सावनीबरोबर फणफणतच दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी कानांवर हेडफोन लावले, बारीक शिट्ट्या ऐकवल्या आणि शेवटी मास्कच्या आडून काहीतरी सांगितलं. बाहेर रिक्षांचे हॉर्न, डोक्यावर पंखा.

व्यंकटरावांनी सावनीकडं पाहिलं. तिनं मुद्दामच खिडकीबाहेर नजर वळवली.

"डॉक्टर," ते शेवटी म्हणाले, "तेवढं लिहून द्या."

डॉक्टरांनी लिहून दिलं, 'दोन्ही कान उत्तम.'

व्यंकटरावांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, तेव्हा कुठं त्यांना ऐकू आलं.