उरलेलं पाणी

आमचे भीमगोंडा अण्णा नाल्याचं पाणी नाल्याला परत द्यायला जातात. सायकलवरून, भर उन्हात, अर्धी बाटली. एवढ्या मोठ्या वाहत्या गटारात ते अर्धी बाटली गटार ओततात, बाटली विसळतात, आणि ऑफिसात येऊन हालचाल वहीत लिहितात, 'काम पूर्ण.' मी नोकरीला लागले त्या आठवड्यात हे बघितलं आणि घरी कंग्राळीला जाऊन आईला म्हणलं, आमच्या ऑफिसात एकांचं डोकं ठिकाणावर नाही.

आमची पालिका बेळगाव आणि निपाणीच्या मधे कुठंतरी आहे. गावाचं नाव सांगत नाही, उगंच पालिकेची अब्रू जायची. तिचा पर्यावरण विभाग म्हणजे अण्णा, मी, एक कपाट आणि आवाज मोजायचं एक यंत्र. हे यंत्र गणपतीच्या आदल्या दिवशी हमखास बंद पडतं आणि विसर्जन झालं की आपोआप चालू होतं. हवा मोजायचं यंत्र मंजूर आहे, आलेलं नाही. तोवर अण्णा तंबाखूच्या वखारीच्या कोपऱ्यावर उभे राहून पाच मिनिटांत किती माणसं शिंकली ते लिहून आणतात. साहेबांनी ते कागद वर पाठवले. वरून कुणी हसलं नाही, फक्त तीन प्रती मागितल्या.

पण अण्णांचा खरा जीव पाण्यात. दर सोमवारी गावातल्या विहिरी, तळं आणि नाला फिरून बाटल्या भरायच्या, मागच्या खोलीत बसून तपासायच्या. तपासायला निम्मं पाणी लागतं, निम्मं उरतं. दुसरा कुणी असता तर मोरीत ओतून मोकळा झाला असता. अण्णा पडले जैन. त्यांच्या घरात पाणी फडक्यातनं गाळायचं आणि फडक्यात राहिलेले जीव ज्या विहिरीचे, त्याच विहिरीत सोडायचे, ही पिढ्यांची रीत. ती त्यांनी सरळ सरकारी कामाला लावली. गुरुवारी उरलेल्या बाटल्या घेऊन निघायचे आणि म्हणायचे, "ज्याचं पाणी त्याला परत. आपुन कोन त्येंचं घर बदलनार?"

एकदा चिठ्ठ्या बदलल्या आणि तळ्याची बाटली नाल्यात ओतली गेली. झालं! अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. तळ्यातल्या चांगल्या घरच्या जिवांना आपण गटारात ढकललं म्हणून तिसऱ्या दिवशी नाल्याच्या कडेला जाऊन हात जोडून आले. वहीत लिहिलं, 'माफी मागितली. काम पूर्ण.' आम्ही ते पान साऱ्या ऑफिसात फिरवलं. मी सगळ्यात जास्त हसले, खोटं कशाला बोलू?

अण्णांनी लग्न केलं नाही. थोरल्या भावाचा संसार सावरता सावरता राहून गेलं. भाऊ वारला, भावजय लेकाकडं सांगलीला गेली, आणि घरात अण्णा आणि पाणी गाळायचं फडकं एवढंच उरलं. हे ते कधी सांगत नाहीत. "कसं हायसा अण्णा?" विचारलं तर म्हणतात, "तळं बरं हाय, नाला तसाच हाय."

कोष्टी गल्लीत एक विहीर होती. विहिरीच्या कडेला शेवगा, शेवग्याच्या मागं गौराक्काचं घर. गौराक्का वडगावची लेक, इथं दिलेली, आता एकटीच माग चालवते. ह्या विहिरीला अण्णांना सगळ्यात जास्त वेळ लागायचा. मी एकदा म्हणलं, अण्णा, विहीर तेवढीच, बाटली तेवढीच, मग तास कसा जातो? ते म्हणाले, पाणी खोल गेलंय. गुरुवारी त्यांच्या डब्यात शेंगाची चटणी असायची, बिनलसणाची. आम्हाला दिली तर आम्ही तोंड वाकडं करायचो. घरी एकट्या माणसाला शेंगा कुटून कोण देतंय, हा प्रश्न आम्हा शहाण्यांना कधी पडला नाही.

मग नियम आला. लागोपाठ तीन रिपोर्ट वाईट आले की विहीर बुजवायची. कोष्टी गल्लीतलं रंगाचं पाणी जमिनीत मुरत होतंच. पहिला रिपोर्ट वाईट आला, दुसरा आला. तिसऱ्याच्या वेळी गल्लीतली चार माणसं ऑफिसात येऊन अण्णांना म्हणाली, ह्या खेपंला जरा बरं लिव्हा की. गौराक्का त्यांच्यात आली नव्हती. तिनं फक्त निरोप पाठवला होता, जे हाय तेच लिव्हा म्हणून.

अण्णांनी ते पाणी तीनदा तपासलं. तीनदा वाईट निघालं. त्यांनी जे होतं तेच लिहिलं, खाली सही केली, आणि दुपारभर मागच्या खोलीत बसून राहिले.

विहीर बुजवायला पालिकेला कधी नव्हे ती घाई झाली. बुधवारी माती पडली, गुरुवारी अण्णा उरलेली बाटली घेऊन गेले ते तशीच घेऊन परत आले. पुढं त्या जागेवर काँक्रीट घालून पालिकेनं पाटी लावली, 'पाणी वाचवा.' अण्णांची ती बाटली पिशवीत राहिली. रोज ऑफिसात यायची, रोज घरी जायची. वहीत त्या गुरुवारच्या पुढं 'काम पूर्ण' लिहिलेलं नव्हतं.

चटणी बंद झाली तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. सोमवारी पाणी घ्यायला, गुरुवारी द्यायला. आठवड्यातनं दोनदा कुणीतरी ह्या माणसाला 'जेवलासा?' म्हणून विचारत होतं. आता कामाशिवाय एका बाईच्या दारात जायचं कसं? अण्णा जन्मात गेले नसते. मला माझीच लई लाज वाटली. त्या संध्याकाळी घरची बस सोडली आणि गौराक्काकडं गेले, बाटलीचंही सांगितलं. ती मागावरून उठली नाही. धोटा तेवढा थांबवला आणि म्हणाली, "मला कानडीत अर्ज लिवता येत न्हाय गं."

पालिकेत अर्ज कानडीतच चालतो, तो मी लिहिला. माझ्या कानडीला साहेब हसतात, हसू देत. सोमवारी गौराक्का नळाच्या पाण्याची बाटली घेऊन ऑफिसात हजर. घरच्या पाण्याची दर आठवड्याला तपासणी व्हावी, ही विनंती.

अण्णांनी अर्ज दोनदा वाचला. तिच्याकडं न बघता म्हणाले, "नळाचं पानी. उरलं तर परत कुटं द्याचं? नळात वतता येत न्हाय."

"दारात शेवगा हाय की," गौराक्का म्हणाली. "त्येची मुळं हिरीतच गेल्यात. हे बी तितंच वता. आनि त्या पिशवीतलं बी."

अण्णांनी पिशवीवर हात ठेवला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मला विचारलं, "नेमात बसतंय काय गं, सुमन?"

नेमाचं पुस्तक कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली मी आल्यापासून कुणी बघितलेली नाही. मी म्हणलं, "बसतंय अण्णा."

गुरुवारी ते दोन्ही बाटल्या घेऊन गेले. आले तेव्हा ऑफिस सुटायची वेळ झाली होती आणि हातात कागदाची पुडी होती. वही ओढून त्यांनी सावकाश लिहिलं, 'कोष्टी गल्ली. पाणी परत दिलं.' पुढं 'काम पूर्ण'चा रकाना होता. पेन तिथवर नेलं, जरा थांबले, आणि वही मिटून ठेवली.

तो रकाना अजून मोकळाच आहे. मीही भरा म्हणून सांगितलेलं नाही.