मेश्राम काकांचा कोरम

बर्फ पडला की लोक खिडकीतून फोटो काढतात. मेश्राम काका लाटणं घेऊन बाहेर येतात. पायरीवरच्या बर्फात ते उभं खुपसतात, कुठवर बुडालं ते वाकून बघतात आणि जाहीर करतात, "अर्धं लाटणं. सहा मेंबर येत नाहीत आता."

काका मूळचे नागपूरचे. ग्लासगोत एकटेच राहतात आणि इथल्या एका पक्षाच्या, आमच्या वॉर्डातल्या शाखेचे सेक्रेटरी आहेत. मी इथे शिकायला आले. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मोठ्या माणसांना नाही म्हणायची मला अजून सवय नाही. त्यामुळे पहिल्याच महिन्यात मेंबर झाले.

जानेवारीत कौन्सिलचा उमेदवार निवडायची सभा होती. बारा मेंबर हजर नसले तर शाखा शेजारच्या वॉर्डात विलीन, असं वरून पत्र आलं होतं. काका ते कोटाच्या खिशात घेऊनच फिरत. नेमकं त्या शनिवारी सकाळी लाटणं पूर्ण बुडालं.

"काका, ऑनलाइन घ्या ना सभा," मी भीत भीत म्हणाले.

"काऊन? ऑनलाइन रस्सा वाढता येते का?"

मग त्यांनी एकेकाला फोन लावले. "हॉट लंच, मार्गारेट! व्हेरी माइल्ड!"

माइल्ड म्हणजे सावजी रश्श्यात त्यांनी चार चमचे तिखट कमी घातलं होतं. उरलेलं किती होतं, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

सभेच्या हॉलवर तेरा जण आले! काकांनी प्रत्येकाला आग्रहाने वाढलं. अध्यक्ष डंकनसाहेबांनी तीन घास खाल्ले, लाल झाले आणि बाहेर जाऊन मूठभर बर्फ तोंडात कोंबला. मागोमाग मार्गारेट. मग सगळेच. मतदानाची वेळ झाली तेव्हा हॉलमध्ये काका आणि मी, दोघंच.

"कोरम!" काका किंचाळले आणि हजेरीची वही घेऊन अंगणात धावले. "नियमात हजर लिहिलं आहे. छपराखाली हजर, असं कुठे लिहिलं आहे?"

मग मतदान बर्फातच झालं. मार्गारेटने दोन्ही हात वर केले होते, त्यातला एक काकांनी स्वतः खाली घेतला.

भांडी घासून आम्ही घरी निघालो. मी विचारलं, "काका, निवडून कोण आलं?"

ते थबकले. "अरे बाप्पा. ते डंकनला विचारा लागते. पण तेरा आले ना?"

त्यांच्या दाराशी आलो. "पोचलीस की फोन कर," ते म्हणाले.

"काका, मी समोरच राहते."

"हो. तरी कर."

मी रस्ता ओलांडला आणि दारातूनच फोन लावला. पहिली रिंग पूर्ण व्हायच्या आत त्यांनी उचलला. समोरच्या खिडकीत ते मला दिसत होते, कोटसुद्धा काढला नव्हता.

"पोचलीस? बरं झालं," काका म्हणाले. पण फोन ठेवला नाही. "मग, आणखी काय म्हणतेस?"