खंडेनवमीची टाकी

फाटकाशी इर्शाद भंगारवाला टेम्पो घेऊन उभा होता, म्हणून दत्तोबा टाकीला पाठ लावूनच बसले होते. खंडाळ्याच्या बंगल्यातले साहेब पाण्याखाली बुड्या मारायचे. जाताना त्यांनी ही पोलादी हवेची टाकी आपल्या राखणदाराला, दत्तोबांना दिली. तेव्हापासून दर खंडेनवमीला दत्तोबा तिला नवा रंग देत, हळदकुंकू वाहत. त्यांच्या बायकोच्या, विठाबाईंच्या लेखी मात्र ती निव्वळ अडगळ. अखेर तोड निघाली: पवना धरणावर बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या पथकातली रेणुका टाकी पाहील; ती नको म्हणाली, तर टाकी इर्शादची.

"टाकीच्या खांद्यावर आकडे ठोकलेले असतात," रेणुका म्हणाली. "टाकी कधीची, दाब किती सोसते, शेवटची चाचणी कधी झाली, सगळं त्यात. कुठायत आकडे, आबा?"

"रंगाखाली," दत्तोबा ओशाळले. "छिन्नी आणू?"

"छिन्नी नको! खोल चरा पडला तर टाकी बाद."

रंग सुटायचं औषध लावून ती लाकडी पट्टीनं एकेक थर खरवडू लागली. वर फाटकाचा निळा, खाली बैलगाडीचा हिरवा, त्याखाली थोरलीच्या लग्नातला गुलाबी.

"आबा, तुमचा अख्खा संसार निघतोय!"

शेवटी आकडे चमकले. आता आत पाहायचं, तर आधी उरलेली हवा सोडायला हवी. रेणुकानं टाकीच्या तोंडावरची चावी जराशी फिरवली. फुस्स्स!

"ग्यास! पळा, फुटतीया!" विठाबाईंनी जाळ विझवायला चुलीवर हंडाभर आमटी ओतली आणि त्या धावत सुटल्या. इर्शादनं टेम्पो मागं घेतला तो स्वतःच्याच भंगारातून पडलेल्या पत्र्यावर. टायर धाडकन फुटला. टाकीच उडाली असं समजून उरलेली आळीही पळाली.

"अहो, साधी हवा आहे! साहेबांच्या वेळची," रेणुका हसत ओरडली. "बंद ठेवलीत म्हणून आत ओल शिरली नाही. शाबास, आबा!"

"मला खोलायला येतच न्हवती," दत्तोबा पुटपुटले.

इर्शादनं स्टेपनी काढली, तर तीही बसलेली. रेणुकानं टाकीला नळी जोडली. टाकी रिकामी झाली आणि स्टेपनी टम्म फुगली. मग तोंडावरची चावी काढून तिनं आत उजेड टाकला. घासलेल्या तांब्यासारखं लख्ख!

"काय पोलाद आहे! पुण्यात पाण्याच्या दाबाची चाचणी पास झाली, की आमच्या पथकात."

"म्हंजी कुनाचा जीव वाचंल?" विठाबाईंनी विचारलं.

"वाचेल की, मावशी."

विठाबाई घरात गेल्या आणि कुंकवाचा करंडा, गोधडी घेऊन आल्या.

"इर्शाद, पुण्याला तूच ने. म्होरच्या सीटवर ठेव."

"आन् मी?" दत्तोबांनी विचारलं.

"तुमी बसा की मागं, भंगारात!"

दत्तोबा हसतहसतच मागं चढले.