वरच्या फळीवरच्या सतरंज्या

आमच्या मालेगावात (नाशिककडच्या नव्हे, वाशिम रस्त्यावरच्या) एक कापड दुकान असं आहे, जिथे काहीच न घेता उठणाऱ्या गिऱ्हाइकाचा मान सगळ्यात मोठा. दुकान पारसशेठचं. माझं वह्या-पेनांचं दुकान त्याला लागूनच, त्यामुळे हा तमाशा मी रोज फुकट पाहतो.

माझी बायको तिथे ब्लाउजपीस पाहायला जाते, सगळं दुकान खाली उतरवायला लावते आणि 'पुढच्या वेळी पाहू' म्हणून उठते. पारसशेठ हात जोडतात.

"वहिनी, उद्या या. उद्या सतरंज्या दाखवतो."

"मले सतरंजी नाही पायजे, शेठजी."

"घ्याची कायले? पाह्यची फक्त."

पूर्वी हेच शेठ गादीवरून हलत नसत. चार घरांपलीकडच्या मंदिरातही स्कूटरवर जात. सत्तरी ओलांडल्यावर लघवीचा त्रास सुरू झाला, अकोल्याला तपासण्या झाल्या आणि प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. गाठीला आवरणारी इंजेक्शनं सुरू झाली. पण ती माणसाची ताकदही नेतात. दंड सैल पडले, भर थंडीत घाम फुटू लागला आणि बसल्या बसल्या थकवा येऊ लागला. डॉक्टरांनी हाडं तपासून सांगितलं, रोज चाला आणि थोडंथोडं वजन उचला.

"काय उचलू?" शेठनी विचारलं.

"घरात असेल ते."

शेठनी दुकानच उलटं लावलं. सतरंज्या, चादरी आणि सुटिंगचे जड तागे वरच्या फळीवर गेले, हातरुमाल खाली आले. नोकराला ताग्याला हात लावायची बंदी झाली. तो आता गादीवर बसतो आणि शेठ त्याला पाणी आणून देतात, कारण तेवढंच चालणं होतं.

आजार लपवायचा असतो, हे तर त्यांना मान्यच नाही. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या बायकांपुढे ते सांगतात, "हा काठ पाहा, रंग जात नाही. अन् मले प्रोस्टेटचा कॅन्सर हाय, म्हून मीच काढतो, तुमी बसा." मुलगा कानकोंडा होतो.

"बाबूजी, लोकायले कायले सांगता?"

"काहून? चोरी केली काय मी? व्यायामानं गाठ जात नाही, थे काम दवाईचं. पण दवाई सोसाची ताकद यानं येते."

एकदा एका बस्त्याच्या वेळी ते प्रत्येक ताग्यामागे एक बैठक काढत होते. नवरदेवाच्या मामांना वाटलं, दुकानाचा काही रिवाज असेल. तेही उठून बैठका काढू लागले. मामा उठले म्हणून काका उठले. बस्ता संपला तेव्हा निम्मं वऱ्हाड घामाघूम होतं.

अशा माणसाला एका सकाळी मी शिरपूर रस्त्यावर पाहिलं आणि गाडी थांबवली. शेठ पाठीतून वाकून, एकेक पाऊल जपून टाकत चालले होते. त्यांचा दंड धरला होता वानखडे गुरुजींनी. गुरुजी निवृत्त शिक्षक. कंबर धरली म्हणून कित्येक महिने ते घराबाहेर पडले नव्हते.

"शेठजी, बसा मागं, सोडतो घरी," मी म्हणालो.

उत्तर गुरुजींनी दिलं. "नको. चक्कर येते त्यांले. मी हळूहळू नेतो."

"दम लागला, गुरुजी," म्हणत शेठ पुलाच्या कठड्यावर बसले. खरं तर धापा गुरुजी टाकत होते. तेही लगेच बसले.

त्याच दिवशी दुपारी शेठ खांद्यावर सतरंजी घेऊन सरसर शिडी चढताना मला दिसले. मी सकाळच्या चक्करेचं विचारलं, तर ऐकू न आल्यासारखं केलं.

पुढे गुरुजींनी स्वतःच मला सांगितलं. कंबर धरलीच नव्हती, त्यांनाही तोच आजार होता. अकोल्याच्या दवाखान्यात शेठ दिसले तेव्हा गुरुजी खांबाआड लपले होते. दुसऱ्या दिवशी शेठ दारात हजर. दवाखान्याचं नावही न काढता म्हणाले, "मले चक्कर येते, गुरुजी. सोबत पायजे." गावभर आपला आजार सांगत फिरणाऱ्या माणसानं ही गोष्ट मात्र कुणाला सांगितली नव्हती.

"आता तरी सांगा, चक्कर कायची?" मी शेठना विचारलं.

तागा गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले,

"पयल्या इंजेक्शनानंतर मी भिताडाकडं तोंड करून पडलो राहो. पोरगा म्हणे आराम करा, सून म्हणे आराम करा. मायेनंच म्हणत सगळे. पण कोणी असं नाही म्हणलं का, चला, तुमच्याबिगर माहं अडून राह्यलं."

तेवढ्यात बाहेरून गुरुजींची हाक आली. त्यांची आता संध्याकाळचीही फेरी सुरू झाली होती. शेठनी तागा खाली ठेवला, चपला घातल्या आणि पायरीवर येऊन पाठीला बाक दिला.

"आलो, गुरुजी. जरा हात द्या बरं."