चांगाचं पान

सर्वपित्री अमावास्येला सगळं बोनकोडे पितरांना जेवू घालायचं आणि जोमाबाबा भांडायचे. छपरावर कावळ्यांसाठी ठेवलेल्या पानांत त्यांची सून दरवर्षी एक पान चांगाच्या नावाने ठेवी. बाबा दरवर्षी ते उतरवून आणत, आणि स्वतः जेवत.

"चांगा मेला हे तुला कोनी सांगतलं?"

चांगा हा बाबांच्या आज्याचा धाकटा भाऊ. मिठागरावर राबणारा. बाबांच्या जन्माआधीच बोटीत बसून मॉरिशसला ऊस तोडायला गेला, तो गेलाच. सून म्हणे, "मामंजी, शंभरीच्या पुढं कोन जगतं?" बाबा म्हणत, "जगत असंल. तुझं खातो काय तो?" बाबांच्या आजीने या दिराला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. मरताना तिने बाबांना बजावलं होतं, खबर आल्याबिगर पान मांडू नको.

मी साताऱ्याची, शेजारच्या सेक्टरात नवा फ्लॅट घेतलेली, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. नव्वदचं दशक होतं ते. माझं नाक तेव्हा इतकं वर असायचं की पावसाचं पाणी आत जावं.

एके दिवशी मॉरिशसहून पत्र आलं. वर पत्ता : 'गावप्रमुख, बोनकोडे'. पोस्टमनने ते जोमाबाबांना दिलं, कारण गावप्रमुख असल्यासारखे तेच वागत. लीला नावाची तिथली शिक्षिका आपल्या पणजोबांचं घर शोधत होती. जहाजाच्या वहीत नाव होतं चांगा, आणि गाव बोनकोडे. पण वहीत या गावचे तीन चांगा होते. तिचा त्यातला कुठला? घराण्याची काही खूण सांगाल का?

उत्तर इंग्रजीत लिहायचं, म्हणून बाबा चार संध्याकाळी माझ्याकडे बसून सांगत होते. दारची चिंच, तळं, आजीचा तापटपणा, चांगाच्या पायावरचा विळ्याचा वण. मी अर्धं पान लिहिलं. नाव, गाव, नातं. म्हटलं, इंग्रजी कसं आटोपशीर हवं! फक्त पत्त्यात 'सेक्टर' बाबांनी मला लिहू दिलं नाही. 'चिंचेसमोर' लिहायला लावलं. चिंच कधीच तोडली होती.

उत्तर आलं : आभारी आहे, पण यावरून काही ठरत नाही.

बाबा म्हणाले, "तू काय लिवलंस ते वाच. मराठीत."

मी ऐटीत नक्कल काढून वाचली.

"मीठ कुठं हाय?"

"कसलं मीठ?"

"सांगतलं होतं ना! आमचे घरान नवी सून उंबऱ्यावर आली का तिचे ओंजलीन मीठ देतात. पयलं मीठ, मंग घर."

"बाबा, परदेशातल्या बाईला मिठाचं काय कौतुक?"

"तुला काय ठावं? तू मीठ दुकानातून आनतेस!"

बाबांचा मुलगा हसला. "गावच कुठं रायलंय बाबा? सगला सेक्टर झालाय."

"सेक्टर तुझा. माझं गाव हाय."

दुसऱ्या पत्रात मी पहिल्याच ओळीत मीठ घातलं. निमूटपणे.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. ते मी बाबांच्या दारच्या ओट्यावर उभी राहून वाचलं, जणू शोध मीच लावला होता. लीलाची आजी प्रत्येक नव्या सुनेच्या ओंजळीत मीठ द्यायची. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. "म्हणजे तुमचाच चांगा, बाबा! आणि ऐका, म्हातारा होऊन, नातवंडांच्या गराड्यात, शांतपणे गेला—"

बाबा खाली बसले.

"म्हंजे मेला."

मी बी.ए. पास बाई. आपण काय वाचून दाखवतोय, हे मला तेव्हा कळलं.

"आता वाट कोनाची बघू गो?" ते म्हणाले.

त्या सर्वपित्रीला चांगाचं पान बाबांनी स्वतः मांडलं. आधी मीठ वाढलं, मग भात. बाकीची पानं कावळ्यांनी बघता बघता फस्त केली. चांगाच्या पानाकडे एकही फिरकेना. उन्हं कलली.

मुलगा म्हणाला, "बाबा, गाईला घालू या. किती वेळ बसनार?"

"गप रे! मॉरिशसवरून यायचाय तो. तुला वाशीवरून यायला दोन तास लागतात."

कुकर लावायचा म्हणून मी उठले होते. बाबा ओट्यावर जरा सरकले. मी पुन्हा बसले.